कारखान्यातले ‘मजेचे दिवस’ : चौथ्या महिन्यात माणसं का गळतात आणि काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या एका लहान कारखान्यात ॲडमिन सांभाळणाऱ्या ताई विचारतात : माणसं ४६, त्यातली १८ ऑफिसात आणि २८ शॉपवर, म्हणजे मशीनच्या कामावर, दोन पाळ्यांत. साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं की दर महिन्याला एखादा मजेचा दिवस करा, वातावरण हलकं राहील. जानेवारीत सगळे आले, फेब्रुवारीत निम्मे, एप्रिलच्या ‘रेट्रो डे’ला, म्हणजे जुन्या काळच्या कपड्यांच्या दिवसाला, सहा जण. आता कमी खर्चाच्या नव्या कल्पना हव्यात. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, की यंदाची पगारवाढ पुढे ढकलली आहे.

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करू. पगारवाढ कधी होणार हे माहीत नसताना फुगे लागले, की माणसांना तो विषय टाळण्याचा प्रकार वाटतो, आणि तो राग तुमच्यावर निघतो, कारण फुगे तुम्ही लावलेले असतात. साहेबांना एवढंच सांगा : वाढ किती ते आज सांगता येत नसेल तर नका सांगू, पण कोणत्या तारखेला कळेल ते फळ्यावर लिहा. ती तारीख लागेपर्यंत एकही मजेचा दिवस करू नका. नोकरकपात, थकलेला पगार, अपघात, सहकाऱ्याच्या घरचं दुःख, या काळातही हेच. हलकेफुलके दिवस चांगल्या चाललेल्या कामाला थोडी चव आणतात. बिघडलेलं काम दुरुस्त करायची ताकद त्यांच्यात नाही, आणि ती अपेक्षा त्यांच्यावर लादली की तेही बिघडतात.

आता गळतीकडे. कल्पना कमी पडल्या म्हणून माणसं गळली, असं मला वाटत नाही. एखादा दिवस माणसाकडून काय काय मागतो त्याची यादी करून बघा. रेट्रो डेने काय मागितलं? कपडे शोधायचे किंवा विकत घ्यायचे, ते घालून बसने किंवा दुचाकीवरून यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा, आणि कोणीतरी कोणाला तरी नंबर देणार. शॉपवरच्या माणसाला गणवेशामुळे यातलं काहीच करता येत नाही, म्हणजे ४६ मधले २८ सुरुवातीलाच बाहेर. उरलेल्यांत ज्यांना मिरवायला आवडतं ते सहा. हे गणित अगदी सरळ आहे, त्यात तुमचा काही दोष नाही.

याउलट आपल्याकडे कोणीही फतवा न काढता रुजलेला दिवस बघा : नवरात्रीचे नऊ रंग. मुंबईच्या लोकलपासून बँकेच्या काउंटरपर्यंत बायका त्या त्या रंगात दिसतात. हे का चालतं ते नीट समजून घेतलं, तर तुमचं वर्षभराचं काम सोपं होईल. रंग साहेब ठरवत नाहीत, ते वर्तमानपत्रात येतात, त्यामुळे ऑफिसच्या हुकमाचा वास येत नाही. आणि ते मुळात वारावर बसवलेले असतात : सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी, आणि उरलेल्या दोन दिवसांना दोन वेगळे रंग. म्हणजे लक्षात ठेवणंही सोपं. त्या रंगाचं काहीतरी कपाटात असतंच, नसलं तर ओढणी चालते, रुमाल चालतो. कामाची एक मिनिटही जात नाही. मंचावर बोलावलं जात नाही. आणि नऊ दिवस असल्यामुळे करड्याच्या दिवशी साधा ड्रेस घालून आलेलीला कोणी विचारत नाही, ती पुढे एखाद्या दिवशी जांभळ्यात येते. न करणं इतकं सोपं आहे, म्हणून करणारे वाढतात.

माझ्या कामात कोणताही दिवस ठरवताना मी हीच कसोटी लावते. खर्च शून्य किंवा कंपनीचा. वेळ चहाच्या सुट्टीतलाच, वर फार तर दहा मिनिटं. भाग न घेणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. शॉपवरच्या माणसाला गणवेशात, हात तेलाचे असताना जमेल असं काहीतरी त्यात आहे. या चारातली एक गोष्ट जरी बसत नसेल, तर कल्पना कितीही गोड असो, ती सोडून द्यायची.

दर महिन्याचा आग्रहही सोडा. वर्षाला सात-आठ पुरे. महिना आला म्हणून दिवस शोधायला लागलो की इंटरनेटवरून ‘जागतिक अमुक दिवस’ उचलले जातात, ज्यांचा तुमच्या माणसांशी काही संबंध नसतो. त्यापेक्षा तारखा कामाच्या कॅलेंडरवर बसवून बघा. हिशेब विभागाचे दिवस आधी खोडा : ७ तारखेला टीडीएस, ११ आणि २० ला जीएसटीची विवरणपत्रं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला आगाऊ कर. महिनाअखेरचे तीन दिवस डिस्पॅचचे, तेही खोडा. ३० मार्चला इडली दिन असतो आणि ३१ मार्चला संगणकातल्या माहितीच्या बॅकअपचा दिवस, दोन्ही छान आहेत, पण आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत ते करणं म्हणजे अकाउंट्सच्या चौघांना वगळणं. असले दिवस आठवडाभर पुढे ढकलले तर काही बिघडत नाही. हलक्याफुलक्या दिवसाला मुहूर्त नसतो.

खायचं काही असेल तर पंचांग उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्रीचे उपवास, रमजान. संकष्टीला वडापाव ठेवला की दहा-बारा माणसं बाजूला उभी राहून हसत ‘नको, आज उपास’ म्हणतात आणि तो दिवस त्यांचा राहत नाही. शुक्रवारची संध्याकाळही नको. गावी जाणाऱ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. मंगळवार ते गुरुवार, चारच्या चहाची वेळ, ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा.

आता तुमच्या कारखान्याला शोभेल असा एक दिवस सविस्तर सांगते, कारण हा तुम्ही पुढचाच धरावा असं मला वाटतं. अमेरिकेत १४ मार्चला ‘पाय डे’ करतात. हा पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाचा परिघ भागिले व्यास, साधारण ३.१४. ते महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये तो सुरू केला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केली. आपण दिवस आधी लिहितो, त्यामुळे १४/३ ला काही अर्थ उरत नाही. पण २२ जुलै आपल्या पद्धतीने २२/७ होतो, आणि शाळेत पायची किंमत आपण सगळे बावीस सप्तमांश हीच शिकलो. तारखेच्या दृष्टीनेही सोयीचा : २० चं जीएसटी होऊन गेलेलं असतं, महिनाअखेर लांब असते. तेवढी एकादशी नाही ना, ते बघून घ्या. रविवार आला तर सोमवारी करा.

करायचं काय? गोल वस्तूंचा परिघ मोजायचा, व्यास मोजायचा, भागाकार करायचा. ३.१४ च्या सगळ्यात जवळ कोण येतं ते बघायचं. साहित्य म्हणजे एक तक्तेकागद, त्यावर पाच रकाने (वस्तू, परिघ, व्यास, भागाकार, नाव), दोन स्टीलच्या पट्ट्या, जुन्या कागदाच्या दोनेक सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या, एक टाचणी, एक कॅल्क्युलेटर. वस्तू आठ-दहा : जेवणाची थाळी, डब्याचं झाकण, पाइपचा फ्लँज (पाइप जोडायची गोल चकती), मोठं बेअरिंग, चिकटपट्टीचं रीळ, बादलीचं तोंड. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू ठेवू नका. २० मिलिमीटरच्या वॉशरचा परिघ साधारण ६२.८ मिलिमीटर येतो, तिथे एक मिलिमीटर चुकलं की उत्तर ३.१९ होतं. दहा सेंटिमीटरच्या वस्तूला तेवढीच चूक झाली तर ३.१५ येतं, म्हणजे माणूस खूश राहतो.

परिघ मोजायला सुतळी वापरतात, ती ताणली जाते आणि दर वेळी वेगळं माप देते. कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे दोन्ही थरांतून टाचणी टोचा, पट्टी उलगडा आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. व्यासाची चूक नेहमी एकाच दिशेला होते. पट्टी मध्यातून गेली नाही तर माप कमीच येतं. ३० सेंटिमीटरच्या थाळीचा परिघ ९४.२, पण व्यास २९.५ मोजला तर भागाकार थेट ३.१९. उपाय असा की थाळी दोन गुण्यांच्या किंवा दोन सरळ ठोकळ्यांच्या मध्ये धरायची आणि त्या दोन कडांमधलं अंतर मोजायचं. शॉपवर मोठा व्हर्निअर (दोन जबड्यांत वस्तू धरून अचूक माप घ्यायचं साधन) असेल तर प्रश्नच मिटला.

आणि इथेच या दिवसाची खरी गंमत आहे. माप घेणं हे तुमच्या टर्नरचं, फिटरचं रोजचं काम. पर्चेसमधला पदवीधर पट्टी तिरकी धरून ३.२१ काढतो आणि लेथवरचे मामा त्याचा हात धरून व्हर्निअरचं खालचं माप कसं वाचायचं ते दाखवतात. ऑफिस आणि शॉप यांच्यात एरवी जे अंतर असतं, ते त्या पाच मिनिटांत उलटं होतं, जाणकार कोण ते सगळ्यांना दिसतं. मी दिवस निवडताना हे मुद्दाम शोधते, की कोणाचं न दिसणारं कौशल्य त्या निमित्ताने टेबलावर येईल. ते सापडलं की सजावटीची गरज उरत नाही.

बक्षीस ठेवू नका. प्रत्येकाला एक गोल खाऊ द्या, लाडू किंवा मेदूवडा. मोजमाप केलं त्यालाही आणि नुसता चहा पिऊन गेला त्यालाही.

दुसरा, थंडीतला. संयुक्त राष्ट्रांचा चहा दिन २१ मेला असतो, पण त्याआधीपासून, २००५ पासून, भारतात तो १५ डिसेंबरला होत आला आहे. नाशिकच्या मे महिन्यात गरम चहाचं कौतुक करण्यात अर्थ नाही, डिसेंबरच घ्या. फक्त १५ ला आगाऊ कर आणि पीएफ, म्हणून १६ किंवा १७. रोजचा चहा तर असतोच, मग वेगळं काय? त्या दिवशी चहा कॅन्टीनचा माणूस करत नाही, तो बसतो आणि ऑफिसातले दोघं करतात. ४६ माणसांना सुमारे ९० मिलिलिटरच्या हिशेबाने सव्वाचार लिटर चहा लागतो. अडीच लिटर पाणी, दोन लिटर दूध, ९० ते १०० ग्रॅम पावडर, ३०० ग्रॅम साखर, ५०-६० ग्रॅम आलं आणि वाटीभर कापलेला गवती चहा. क्रम महत्त्वाचा : आलं ठेचून आधी पाण्यात घालायचं आणि पाणी पाच-सहा मिनिटं खळखळ उकळू द्यायचं. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं, आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात फाटलं तर दुसरं दूध आणायला वेळ नसतो. मग गवती चहा, पावडर, दोन मिनिटांनी वेगळं तापवलेलं दूध. साखर घालायच्या आधी लिटरभर चहा बिनसाखरेचा वेगळा काढून ठेवा. मधुमेह असलेली माणसं प्रत्येक ठिकाणी असतात आणि बरीच जण ते सांगत नाहीत. पातेलं गॅसवर चढवायचं ते साडेतीनला. एवढं पाणी उकळायला वेळ लागतो आणि सुट्टीतली दहा मिनिटं पातेल्याकडे बघण्यात गेली तर सगळाच विरस होतो.

तिसरा दिवस तुमच्या गावाचा आहे. २० मार्चचा चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी नाशिकचे. २० ला जीएसटी, म्हणून २१ किंवा २२ ला गच्चीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर पाण्याच्या दोन परळ ठेवा. खोली बेताची हवी, तीन ते पाच सेंटिमीटर पाणी, आत एक खडबडीत दगड, कारण गुळगुळीत काठावर चिमणीचे पाय घसरतात. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा लागेल अशी जागा नको, आणि माणसं ये-जा करतात त्या दाराजवळही नको. पाणी रोज ओतून नवं भरायचं, आठवड्यातून एकदा परळ घासायची. हे झालं नाही तर आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात आणि तुमच्या चिमणी दिनाची तक्रार येते. म्हणून परळ ठेवण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे जूनपर्यंतच्या पाणी भरण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहिणं. स्वेच्छेने सहा नावं आली नाहीत तर परळ ठेवू नका. चार दिवस पाणी ठेवून पाचव्या दिवशी कोरडी परळ सोडण्यापेक्षा ते बरं.

कामाशी जोडलेले दिवस आणखीही आहेत. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी संगणक-नेटवर्क सांभाळणाऱ्यांचा दिवस असतो, २००० सालापासून. तुमच्याकडे तो एकच माणूस असेल, तर त्या दिवशी त्याला दुपारच्या जेवणाच्या वेळात कोणीही फोन करायचा नाही, एवढाच कार्यक्रम. त्याला तो पुष्पगुच्छापेक्षा आवडेल. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाबाबत मात्र जपून. तो ज्यांच्या जन्मदिनी असतो ते विश्वेश्वरय्या पुण्यातून शिकले, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचे, आपल्याला त्यांचा अभिमान आहेच. पण लहान कारखान्यात पाच अभियंत्यांना गुलाब दिले आणि तेवढंच काम जाणणाऱ्या आयटीआयच्या मुलाला दिलं नाही, तर त्या गुलाबाने नुकसान होतं. द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर नको. खंडेनवमीला मशीन पुसून, तेल घालून, झेंडूची माळ घालून पूजा तुमच्याकडे होतच असणार, त्यात काही भर घालू नका. तो दिवस श्रद्धेचा आहे, त्याला खेळ जोडला की दोन्ही बिघडतात. उत्तर भारतातून आलेले कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करत असतील, तर ती त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या आणि चहा कंपनीचा द्या.

सगळ्यात टिकणारा दिवस मात्र कुठल्याही यादीत सापडत नाही. तो तुमच्या जुन्या रजिस्टरमध्ये असतो. पहिलं मशीन आलं ती तारीख, पहिलं बिल फाटलं ती तारीख, छप्पर उडालं आणि तरी ऑर्डर वेळेवर गेली तो पावसाळा. इनवर्ड रजिस्टर, पहिली बिलबुकं, मशीनवरची नावाची पट्टी यांत तारखा मिळतात. दोन-तीन जुन्या माणसांना विचारून एक निवडा. त्या दिवशी ते पहिलं बिल फोटोकॉपी करून फळ्यावर लावा, शेजारी कोरा कागद टांगा आणि वर एकच ओळ लिहा : ‘तेव्हा इथे कोण कोण होतं?’ माणसं स्वतःहून येऊन नावं लिहितात, त्यात सोडून गेलेल्यांचीही असतात. कोणाला बोलवावं लागत नाही.

आता काय करायचं नाही. शेलापागोटे, म्हणजे कॉलेजातले फिशपाँड, कोणीतरी हमखास सुचवतं. निनावी चिठ्ठीत कोणाच्या दिसण्यावर, लग्नावर, बोलण्यावर शेरा आला की तो परत घेता येत नाही, आणि वाचून दाखवणारं ऑफिस त्या शेऱ्याचं मालक होतं. बायकांवरचा असा शेरा २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात येऊ शकतो. तुमच्याकडे दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिच्यासमोर ‘गंमत होती’ हे उत्तर चालत नाही. एप्रिल फूलही नको. पगार, बदली, राजीनामा यांची खोटी बातमी तर अजिबात नको. गावाकडच्या, एखाद्या प्रांताच्या किंवा जातीच्या वेशभूषेची नक्कल करणारे ‘थीम डे’ नकोत. हास्य दिनाचं मूळ मुंबईत आहे, डॉ. मदन कटारिया यांच्या हास्य क्लबांतून तो आला, आणि बागेत स्वतःहून येणाऱ्यांसाठी तो प्रकार छान आहे. पण साहेब शेजारी उभे असताना हसायला सांगणं वेगळं. तिथे माणसं हसतात ती भीडेखातर.

शॉपवर सुरक्षेचं भान सगळ्यात आधी. फिरत्या मशीनजवळ रिबीन, ओढणी, मनगटातला रंगीत धागा, गळ्यातला बिल्ला, यातलं काहीही नाही. हेल्मेटवर स्टिकर लावू नका, खालची भेग दिसत नाही. रंगांचा दिवस असेल तर रंग जेवणाच्या टेबलावरच्या कागदात येऊ द्या, अंगावर नको. फुगे आणि चमकी पूर्ण वर्ज्य. चमकी कूलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) ट्रेपर्यंत पोचते, आणि झाडणाऱ्या मावशींना ती पुढचे चार दिवस काढावी लागते. दिवस संपल्यावर पसारा कोण आवरणार हे आधी ठरवा, आणि ते नाव मावशींचं नसावं. भिंतीला साध्या चिकटपट्टीने काही लावलं तर रंग निघतो. दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी कागद अडकवा.

दुसऱ्या पाळीबद्दल वेगळं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख फक्त आकड्यात आला. चारला केलेल्या कार्यक्रमात दुसऱ्या पाळीचा चहा झालेला नसतो, ते नुकतेच कामावर उभे असतात. उरलेला खाऊ त्यांना रात्री देणं याला सहभाग म्हणत नाहीत. तोच तक्ता त्यांच्या सुट्टीच्या वेळी पुन्हा मांडा, ताजा चहा करा, आणि त्या पाळीतल्या एकाकडे सूत्रं द्या. पाय दिनाला तर दोन्ही पाळ्यांची मापं एकाच तक्त्यावर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी आधी तक्ता बघायला जाते. सुरक्षारक्षक आणि कंत्राटी माणसं तुमच्या ४६ मध्ये धरली आहेत का, तेही तपासा. नसतील तर आकडा वाढवून घ्या.

पैसे. वर्गणी काढू नका, पन्नास रुपयांचीही नाही. ज्याला ते जड जातात तो कधी बोलणार नाही, तो फक्त त्या दिवशी रजा टाकेल. माणशी २० रुपये धरले तर ४६ जणांचे ९२०, वर्षाला आठ दिवसांचे ७,३६०. हा आकडा साहेबांपुढे एकदाच ठेवा आणि किरकोळ खर्चातून मंजूर करून घ्या. दर वेळी परवानगी मागायला गेलात तर तुम्ही स्वतःच थकाल.

थकण्यावरून : हे काम एकट्या करू नका. प्रत्येक दिवसाला दोन यजमान, एक ऑफिसचा, एक शॉपचा, चिठ्ठी काढून, आणि अदलाबदल करायची मुभा. त्यांच्यासाठी एक डबा तयार ठेवा : स्केचपेन, चार-पाच तक्तेकागद, कात्री, दोरी, चिमटे, टाचण्या, आणि एका पानावर लिहिलेली माहिती, खाऊ कुठून मागवायचा, कॅन्टीनला दोन दिवस आधी सांगायचं, बिल कोणाकडे द्यायचं. डबा असला की यजमानाला तासाभराचंच काम उरतं. फोटो काढायचे तर तक्त्याचे काढा, माणसांचे विचारल्याशिवाय नकोत, आणि कंपनीच्या पानावर टाकण्यासाठी वेगळं विचारा.

चाललंय की नाही हे हजेरीवरून ठरवू नका. साहेब समोर असले की हजेरी भरते. आठवण न करता कोणी काही केलं का, पुढचा दिवस कधी असं कोणी विचारलं का, हे बघा. दोन अबोल माणसांना वेगवेगळं गाठून विचारा की यातलं काय नको वाटतं. एखाद्या दिवसाला दोन वर्षं ओळीने एक तृतीयांश माणसंही रमली नाहीत तर तो यादीतून काढा, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा घालू नका.

तुमच्या पुढच्या दोन महिन्यांचं म्हणाल तर आत्ता काहीच करू नका. पगारवाढीची तारीख फळ्यावर लागू द्या. ती लागली की १५ जुलैच्या सुमारास, कॅन्टीनच्या दारावर, हाताने लिहिलेला एवढाच कागद लावा : ‘२२ जुलै म्हणजे २२/७. चहाच्या सुट्टीत, दोन्ही पाळ्यांना. घरून किंवा शॉपवरून एखादी गोल वस्तू आणलीत तर मोजू, नाही आणलीत तरी लाडू आहे.’ खाली दोन्ही यजमानांची नावं. तुमचं नाव नको, साहेबांचंही नको. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आठवण त्या दिवशी सकाळी एकदाच टाका, आणि मोजायच्या वस्तू आदल्या दिवशीच धुऊन-पुसून ठेवा, तेलकट फ्लँजवर कागदाची पट्टी सरकते.